घरच्या टाकीतील कॅटफिश किती वर्षे जगतो?

शोभेच्या माशांच्या दुकानात ‘सकर’ या नावाने मिळणारा बोटभर लांबीचा काळपट मासा हा एक कॅटफिश आहे. तो नीट सांभाळला, तर १५ वर्षे जगू शकतो आणि दीड फुटापर्यंत वाढू शकतो. म्हणजे पाचवीतल्या मुलीच्या हट्टाखातर घरी आणलेला सकर तिचे पदवीचे शिक्षण संपेपर्यंत घरात असू शकतो. प्रत्यक्षात मात्र अनेक घरांत हा मासा वर्षभरही टिकत नाही आणि ‘माशांचे आयुष्य तेवढेच असते’ असे म्हणून दुसरा आणला जातो. एकाच जातीच्या माशाच्या आयुष्यात इतका फरक का पडतो, हे समजून घेतले, तर ‘कॅटफिश किती वर्षे जगतो’ या प्रश्नाला वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी उत्तरे का मिळतात, तेही उलगडते.

कॅटफिश म्हणजे तोंडाजवळ मिशा असलेले मासे, आणि त्यांच्या गणात ३,००० हून अधिक जाती आहेत. आपल्या किनाऱ्यावरचा शिंगाळा, नद्यांमधला शिवडा, तळ्यांतला मांगूर हे सगळे याच गणातले. थायलंडमध्ये २००५ साली पकडला गेलेला २९३ किलो वजनाचा मेकाँग नदीतला महाकाय कॅटफिशही याच गणातला, आणि बोटाच्या दोन पेरांएवढा ओटोसिंक्लसही. एवढ्या विस्तृत गणाला आयुष्याचा एकच आकडा लागू पडणे शक्य नाही. सर्वसाधारणपणे मोठ्या जाती अधिक जगतात आणि लहान जाती कमी, परंतु हा नियम पक्का नाही, आणि त्याचा सर्वांत सुंदर अपवाद आपल्या टाक्यांमध्येच आहे.

तो अपवाद म्हणजे कोरीडोरास. टाकीच्या तळाशी मिशांनी वाळू चाळत फिरणारा हा दक्षिण अमेरिकी मासा जेमतेम ५ ते ७ सेंटिमीटर लांब असतो. तरीही चांगल्या टाकीत तो ८ ते १० वर्षे सहज जगतो, आणि त्याच्या कांस्यवर्णी जातीचे मासे २० वर्षांच्या आसपास जगल्याच्या नोंदी आहेत. या आकड्यांवर विश्वास ठेवायला एक आधार आहे. ठिपकेदार कोरीडोरासची शास्त्रीय नोंद १८४२ सालची आहे आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच पॅरिसमध्ये त्याची पैदास बंदिस्त पाण्यात झाली होती. म्हणजे त्याला पाळण्याचा मानवी अनुभव शतकाहून जुना आहे. ओटोसिंक्लसचे आयुष्य ३ ते ५ वर्षांचे. ज्याच्या पारदर्शक अंगातून काटा स्पष्ट दिसतो, तो थायलंडचा ग्लास कॅटफिश ५ ते ८ वर्षे जगतो. तोंडावर केसाळ फुटवे असलेला ब्रिसलनोज १० वर्षांच्या आसपास, तर नेहमीचा सकर १० ते २० वर्षे जगतो. काँगो नदीच्या खोऱ्यातला, पोट वर करून उलटा पोहणारा सायनोडॉन्टिस १० ते १५ वर्षे जगतो. आपल्याकडे ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा पंगास आणि ॲमेझॉनचा रेडटेल हे तर १५ ते २० वर्षांचे सोबती होऊ शकतात.

हे आकडे नेमके काय सांगतात, ते मात्र जपून वाचावे लागते. समजा, एका दुकानातून १० कोरीडोरास १० घरांत गेले. त्यांतले ५ तीन महिन्यांच्या आत मेले आणि उरलेले ५ दहा-दहा वर्षे जगले. या दहा माशांचे सरासरी आयुष्य काढले, तर ते ५ वर्षांच्या थोडे पुढे येते. पण पाचव्या वर्षी मेलेला मासा त्यांत एकही नाही. ‘हा मासा ५ वर्षे जगतो’ असे जेव्हा कुठे वाचायला मिळते, तेव्हा त्यामागे बऱ्याचदा अशीच बेरीज-भागाकाराची गोष्ट असते. याउलट ‘२० वर्षे जगतो’ असे सांगणारे बहुधा ज्यांचा मासा अजून जिवंत आहे असेच मासे पाळणारे पालक असतात, कारण दुसऱ्या आठवड्यात मेलेल्या माशाची नोंद कोणी ठेवत नाही. म्हणून माझ्या मते सरासरीपेक्षा दोन प्रश्न अधिक उपयोगाचे आहेत: पहिले तीन महिने पार करण्यासाठी काय लागते, आणि ते पार केलेला मासा म्हातारा होईपर्यंत त्याला काय लागते.

नदीतल्या माशाचे वय शास्त्रज्ञ कसे ठरवतात, हेही येथे सांगण्यासारखे आहे. रोहू-कटल्यासारख्या माशांच्या खवल्यांवर वाढीची वलये असतात आणि ती मोजून वयाचा अंदाज बांधता येतो. कॅटफिशना खवले नसतात. काहींची त्वचा उघडी असते, तर सकर आणि कोरीडोरास यांच्या अंगावर हाडाच्या पट्ट्यांचे चिलखत असते. त्यामुळे कॅटफिशचे वय कानातील चुनखडीच्या खड्यावरून किंवा कल्ल्यांमागच्या परातील कठीण काट्याचा पातळ छेद घेऊन ठरवावे लागते. उष्ण प्रदेशात ऋतूंमधला फरक कमी असल्याने ही वलये पुसट पडतात, आणि मासा जिवंत ठेवायचा असेल, तर कानातला खडा काढता येतच नाही. म्हणून घरच्या टाकीतील वयाचा एकमेव भरवशाचा पुरावा म्हणजे मासा आणला त्या दिवसाची नोंद. त्यात दुकानात येण्यापूर्वीचे काही महिने धरावे लागतात, आणि नदीतून पकडून आणलेल्या माशांच्या बाबतीत कदाचित वर्षही.

आता पहिल्या तीन महिन्यांकडे वळू. या काळात मरणाऱ्या कॅटफिशचा सर्वांत मोठा शत्रू डोळ्यांना दिसत नाही, आणि तो म्हणजे अमोनिया. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनिया तयार होतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत साचतो. टाकी जुनी आणि स्थिरावलेली असेल, तर फिल्टरच्या स्पंजमध्ये व वाळूत वाढलेले जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी विषारी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. परंतु हे जिवाणू सावकाश वाढतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. रविवारी टाकी आणली, पाणी भरले आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले, तर हे सगळे आठवडे मासे स्वतःच्याच विषात काढतात. अमोनिया कल्ले जाळतो. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला बिघडवतो, त्यामुळे पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. बहुतेक कॅटफिश तळाशी राहतात आणि कुजणारा गाळही तळाशीच साचतो, म्हणून त्यांच्या मिशा व पोटाची त्वचा सर्वांत आधी दुखावते. झिजून आखूड झालेल्या मिशा हे टाकीचा तळ अस्वच्छ असल्याचे, आणि काही वेळा खडी फार धारदार असल्याचे स्पष्ट लक्षण आहे.

यात महाराष्ट्रातल्या पाण्याचाही वाटा आहे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो आणि त्यांपैकी एकच रूप खरे विषारी असते. २५ अंश तापमानाला पाण्याचा सामू (पीएच) ७ असेल, तर विषारी रूपाचे प्रमाण शेकडा अर्ध्याच्या आसपास असते. सामू ८ असेल, तर तेच प्रमाण शेकडा ५ च्या पुढे जाते. म्हणजे टाकीत अमोनिया तितकाच असूनही त्याचा विषारी भाग जवळजवळ दसपट होतो. पठारावरच्या अनेक गावांत आणि शहरांच्या नव्या वस्त्यांत टाकी बोअरवेलच्या पाण्याने भरली जाते. हे पाणी बहुधा कठीण आणि अल्कधर्मी असते, त्यामुळे तिथे नव्या टाकीत मासे सोडण्याची घाई अधिक महागात पडते. नळाच्या पाण्याचा प्रश्न वेगळा आहे. त्यातले क्लोरीन कल्ल्यांना तर इजा करतेच, शिवाय उपयोगी जिवाणूंनाही मारते. पाणी उघड्या बादलीत दिवसभर मुरू दिले, तर साधे क्लोरीन उडून जाते. पण जिथे क्लोरामीन (क्लोरीन आणि अमोनियाचे टिकाऊ संयुग) वापरले जाते, तिथे हा उपाय पुरत नाही आणि दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीन घालावेच लागते. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊन लख्ख करणे हा स्वच्छतेचा उत्साह असला, तरी त्या एका धुण्यात महिनाभर वाढवलेली जिवाणूंची वस्ती नष्ट होते. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा.

विदर्भ-मराठवाड्यात याला उन्हाळ्याची जोड मिळते. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅम. मासा मात्र गरम पाण्यात अधिक वेगाने श्वास घेतो, अधिक खातो आणि अधिक अमोनिया सोडतो. मागणी वाढते आणि पुरवठा घटतो. अशा दिवसांत वीज दोन-चार तास गेली, तर फिल्टर बंद पडून त्यातले जिवाणूही प्राणवायूअभावी मरू लागतात. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप ही भारनियमनाच्या भागात कॅटफिशच्या आयुष्यात थेट भर घालणारी वस्तू आहे. जातीची निवडही येथे महत्त्वाची ठरते. ठिपकेदार कोरीडोरासला थंडसर पाणी मानवते. नागपूरच्या मे महिन्यात त्याची तगमग होते. त्याच कुळातला स्टर्बाई हा उबदार पाण्याचा मासा असल्याने अशा ठिकाणी तो अधिक चांगला.

कोरीडोरास मधूनच बाणासारखा पृष्ठभागाकडे झेपावतो, तोंडभर हवा घेतो आणि परत तळाशी जातो. हे पाहून नवे पालक घाबरतात, पण ही त्याची जन्मजात रीत आहे: गिळलेल्या हवेतला प्राणवायू तो आतड्याच्या मागच्या भागातून रक्तात घेतो. सकरलाही जठरातून हवा वापरता येते. या सोयीमुळे हे मासे वाईट पाण्यातही काही काळ तग धरतात, आणि नेमके त्यामुळेच पाणी बिघडल्याचे पालकाच्या लक्षात उशिरा येते. दिवसातून काही वेळा वर येणे स्वाभाविक आहे. दर मिनिटाला वर येणे ही धोक्याची सूचना आहे.

पाण्यानंतर क्रम लागतो अन्नाचा, आणि या बाबतीत सकरवर फार अन्याय होतो. ‘हा टाकी साफ करतो, इतर माशांची घाण खातो, याला वेगळे काही घालावे लागत नाही’ असे सांगून तो विकला जातो. सकर विष्ठेवर जगत नाही. सकर काचेवरचे शेवाळ खरवडतो, पण घरच्या टाकीतले शेवाळ त्याला काही दिवसांत संपते, आणि मग तो आतल्या आत खंगत जातो. पाठीवरच्या चिलखतामुळे त्याचा रोडपणा वरून दिसत नाही. तो काचेला चिकटलेला असताना समोरून पोट पाहावे. ते आत गेलेले, पोकळ दिसत असेल, तर मासा उपाशी आहे. ओटोसिंक्लसची स्थिती याहून नाजूक असते, कारण ते बहुतांशी नदीतून पकडून आणलेले असतात आणि पकडण्यापासून दुकानापर्यंतच्या प्रवासात त्यांची उपासमार झालेली असते. घरी आल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच त्यांपैकी अनेक मरतात; जे तेवढे पार करतात, ते मग काही वर्षे आनंदाने जगतात. या शेवाळखाऊ माशांना काकडीची चकती, वाफवलेला दुधीचा किंवा दोडक्याचा तुकडा, पालकाचे पान आणि तळाशी बुडणाऱ्या शेवाळाच्या गोळ्या द्याव्यात. सकर आणि ब्रिसलनोजसाठी टाकीत एखादे लाकूडही ठेवावे. कोरीडोराससारख्यांना बुडणाऱ्या खाद्याबरोबर अधूनमधून अळ्या लागतात. बहुतेक कॅटफिश निशाचर असल्याने त्यांचे खाद्य दिवा मालवल्यावर टाकावे, नाहीतर वरचे मासे ते आधीच फस्त करतात आणि कॅटफिश भरल्या घरात उपाशी राहतो.

पहिले वर्ष पार झाले की आयुष्य ठरवणारी गोष्ट म्हणजे जागा. ‘मासा टाकीच्या मापाने वाढतो’ हा समज फार घट्ट रुजलेला आहे, आणि त्याने जितके मासे मारले तितके कोणत्याही रोगाने मारले नसतील, असे मला वाटते. लहान टाकीत माशाची वाढ खुंटते हे खरे. परंतु ती खुंटते साचलेल्या घाणीमुळे, अपुऱ्या हालचालीमुळे आणि सततच्या ताणामुळे. अशा माशाचा कणा वाकतो, शरीर बेढब होते आणि १५ वर्षांचे आयुष्य दोन-तीन वर्षांत आटोपते. टाकी कोणाला मानवली, हे अंगाच्या मापावरून ठरत नाही. वाढ खुंटलेला मासा आजारी मासा असतो.

पंगासचे उदाहरण याहून ठळक आहे. मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांमध्ये लांबच लांब स्थलांतर करणारा हा मासा १३० सेंटिमीटर लांब आणि ४४ किलो वजनाचा होऊ शकतो. आपल्याकडे मत्स्यशेतीत तो वाढवला जातो आणि हॉटेलांत ‘बासा’ म्हणून ताटात येतो. त्याचीच चार बोटे लांबीची चंदेरी पिल्ले दोन फुटी टाकीसाठी ‘शार्क’ म्हणून विकली जातात. हा कळपात राहणारा आणि अतिशय घाबरट मासा आहे. दाराचा आवाज झाला, दिवा अचानक लागला, तरी तो उसळून काचेवर आदळतो, नाक फोडून घेतो आणि त्या जखमा चिघळतात. रेडटेलची पिल्लेही अशीच गोंडस दिसतात आणि पुढे मीटरभराहून मोठी होतात. या दोन्ही जाती घरच्या टाकीसाठी विकल्याच जाऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्या आयुष्याचा २० वर्षांचा आकडा सार्वजनिक मत्स्यालयातल्या हौदांचा आहे. दिवाणखान्यातल्या काचपेटीला तो लागू होत नाही.

औषधांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. खवल्यांचे आवरण नसल्यामुळे बऱ्याच कॅटफिशच्या त्वचेला औषधांची तीव्रता अधिक जाणवते. अंगावर पांढरे ठिपके पडणारा रोग टाकीत शिरला, की दुकानदार मूठभर मीठ आणि बाटलीतले औषध देतो. इतर माशांना सोसणारी मात्रा कोरीडोरासला किंवा ग्लास कॅटफिशला घातक ठरू शकते. तांबे असलेली औषधे तर टाळावीतच. इतर औषधे निम्म्या मात्रेने सुरू करून माशाच्या श्वासाकडे लक्ष ठेवावे.

सोबतीचाही आयुष्याशी संबंध आहे. कोरीडोरास आणि ग्लास कॅटफिश हे थव्याने राहणारे मासे आहेत. एकटा ठेवलेला ग्लास कॅटफिश कोपऱ्यात लपून राहतो आणि खाणे सोडतो. किमान सहा एकत्र ठेवावेत. दोन नर सकर मात्र एका टाकीत सुखाने नांदत नाहीत.

एवढे सगळे जमले, तर एक दिवस मासा म्हातारा होतो, आणि ते पाहायला मिळणे ही पालकाच्या जबाबदारीची खरी पावती आहे. म्हातारा कॅटफिश रंगाने फिका पडतो, पाठीकडून बारीक होतो, कमी फिरतो, अन्नाजवळ उशिरा पोहोचतो. ही लक्षणे महिनोन्‌महिने सावकाश उमटत जातात. तीच लक्षणे चार दिवसांत दिसली, तर त्याचा अर्थ वार्धक्य असा न लावता आधी पाणी तपासावे. वृद्ध माशाला एकदम मोठा पाणीबदल सोसत नाही. एरवी आठवड्याला पाव टाकी पाणी बदलत असाल, तर तेच दोन हप्त्यांत विभागावे, खाद्य मऊ आणि त्याच्या नेहमीच्या जागेजवळ टाकावे, आणि टाकीत नवे दांडगे मासे आणू नयेत.

दीर्घायुष्याचा एक परिणाम टाकीबाहेरही होतो. सकर मरत नाही आणि वाढतच जातो, तेव्हा कंटाळलेले लोक त्याला तळ्यात किंवा नदीत सोडतात, आणि त्यामागे अनेकदा जीवदयेचीच भावना असते. पण हवा घेऊन तगणारा, चिलखत असलेला आणि स्थानिक शत्रू फारसे नसलेला हा दक्षिण अमेरिकी मासा भारतीय पाण्यात पसरतो. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ प्रदेशात तो मोठ्या संख्येने आहे, २०२० साली तो वाराणसीजवळ गंगेतही सापडला. तो स्थानिक माशांचे अन्न खातो, काठात बिळे करतो, आणि त्याच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात. नको असलेला सकर दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या पालकाकडे सोपवावा, पण उघड्या पाण्यात कधीही सोडू नये.

म्हणून खरेदीच्या आधी टाकीचे माप पाहावे आणि मग जात निवडावी. दोन फुटी, साधारण ६० लिटरच्या टाकीत सहा कोरीडोरास आयुष्यभर राहू शकतात. शेवाळ खाणारा मासा हवाच असेल, तर अडीच-तीन फुटी टाकीत १२ ते १५ सेंटिमीटरवर थांबणारा ब्रिसलनोज योग्य. तो सकरच्याच कुळातला आहे आणि काच तितकीच नेटाने खरवडतो. सायनोडॉन्टिसच्या लहान जातींनाही तीन फुटी टाकी पुरते. नेहमीच्या सकरला वाढल्यावर सहा फुटी टाकी लागते. ती ठेवायला घरात जागा नसेल, तर तो घेऊ नये. जो मासा घ्याल, त्याची तारीख, त्या दिवशीची लांबी आणि एक छायाचित्र वहीत किंवा फोनमध्ये जपून ठेवा. घर बदलताना किंवा मासा दुसऱ्याच्या हाती सोपवताना ती नोंद त्याच्याबरोबर जाऊ द्या.